‘सत्ता चालवा’ की ‘मशागत व राखण’? बायबलमधली सृष्टी आणि आमचं बावखल

बावखल

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) आटोपून घरी आलो तर ओटीवर भाचा बसलेला. सोबत एक गृहस्थ, हातात मोजपट्टी.

आमच्या वाडीच्या पश्चिम टोकाला एक बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, पण गावतळ्यासारखं बांधीव नव्हे. वाडीतच खणलेला खोल खड्डा. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आसपासच्या विहिरींना आतून पाझरत राहतं. समुद्र आमच्याकडून पायी पाव तासावर, तरी विहीर गोडी आहे ती या खड्ड्यामुळे. आळीतल्या दोघांनी आपापली बावखलं बुजवली. त्यांच्या विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं, त्या पाण्याचा चहा केला तर फाटतो.

भाच्याचं म्हणणं, बुजवू या, तीन गुंठे मोकळे होतील. मी नको म्हटलं. तर हसून म्हणतो, “मामा, देवानेच सांगितलंय ना? ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, पृथ्वी व्यापून टाका.’ पुढे काय आहे? ती सत्तेखाली आणा. उत्पत्ती, एक, अठ्ठावीस.”

हे वचन लहानपणी मीच त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं! मोजपट्टीवाला आमच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मला काही उत्तर सुचलं नाही.

रात्री शास्त्र उघडून बसलो. पहिला अध्याय आणि दुसरा अध्याय, दोन्ही पानं समोर. पहिल्यात ‘सत्ता चालवा’ आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण पान उलटलं की दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत देव माणसाला एदेन बागेत आणून ठेवतो तो कशासाठी? ‘मशागत व राखण’ करण्यासाठी. चाळीस वर्षं हे कानावरून गेलंय आणि कधी थबकलो नाही. मशागत आणि राखण! हे राजाचं काम नाही. हे वाडीतल्या गड्याचं काम आहे. माझे आजोबा आयुष्यभर तेच करत आले. पहाटे रहाट जुंपायचा, पाट वळवायचे, केळीच्या बुंध्याशी आळी करायची, आणि दुपारी पानवेलीत कोणाची गुरं शिरत नाहीत ना ते बघत बसायचं.

आता माझी अडचण अशी. एकाच ग्रंथात, एका पानाच्या अंतराने, एकदा सत्ता आणि एकदा राखण. यातलं खरं कोणतं? आमच्याकडे ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं ते फादर दिब्रिटो आणि हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले फादर दिब्रिटो ही एकच व्यक्ती होती, म्हणजे त्यांना हा तिढा सुटला असणार. ते २०२४ च्या जुलैत गेले, आता विचारायचं कोणाला? म्हणून इथे विचारतोय. हिब्रू जाणणारं कोणी असेल तर फारच बरं. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहावं. फक्त ‘तुमच्यापेक्षा आमचं भारी’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

(आणि हो, मी ‘ओवी’ म्हणतो, ‘वचन’ म्हणायला हवं हे माहीत आहे. आमच्या आजीची सवय. तिला शास्त्र म्हणजे पुराणच वाटायचं. गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण ओव्यांतच आहे, तेव्हा ती फारशी चुकत नव्हती.)

---

पोफळीवाली

वाचतेय. बावखल बुजवू नका हो काका.

---

खवट_आजोबा

लेख आवडला, माणूस प्रामाणिक दिसतो. म्हणून प्रामाणिक उत्तर देतो.

‘सत्तेखाली आणा’साठी मूळ हिब्रूत ‘काबश’ धातू आहे. मी हिब्रूचा पंडित नाही, पण हा एक शब्द वादासाठी शिकून ठेवलाय. तुडवणे, दडपणे, गुलाम करणे अशा छटांचा शब्द. नहेम्याच्या पुस्तकात आपली पोरंबाळं दास्यात द्यावी लागतात असा आक्रोश आहे, तिथे हाच धातू. तेव्हा ‘सत्ता म्हणजे प्रेमळ देखभाल’ असली मलमपट्टी करू नका.

लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. निसर्गाच्या आजच्या दशेची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती समजुतीत आहेत, कारण तिने माणसाला सृष्टीतून उचलून सृष्टीच्या डोक्यावर बसवलं, असा त्याचा दावा. गंमत म्हणजे तो स्वतः चर्चला जाणारा ख्रिस्ती होता. शेवटी त्याने सुचवलं की असीसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाल्यांचा आश्रयदाता करा. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये पोपने तसं जाहीरही केलं. आरोपीने फिर्यादीचा सल्ला मानल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

माझा मुद्दा साधा आहे. ग्रंथात सगळंच असतं. ज्याला जमीन विकायची त्याला एक अठ्ठावीस सापडतं, ज्याला राखायची त्याला दोन पंधरा. भाच्याचं वचन खोटं नाही आणि तुमचंही नाही. मग ग्रंथ काढायचा कशाला? विहीर मचूळ होईल एवढं कारण पुरेसं नाही का?

---

गुर्जी

+१ खवट आजोबा.

---

बावखल

@खवट_आजोबा, पुरेसं असतं तर बाकीच्या दोन विहिरी मचूळ झाल्या नसत्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

‘काबश’ मान्य. मलमपट्टी करणार नाही. पण तुमचा प्रतिसाद वाचून पहिला अध्याय पुन्हा सावकाश वाचला, तेव्हा काही गोष्टी दिसल्या.

‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हा आशीर्वाद पहिल्यांदा माणसाला मिळालेलाच नाही. पाचव्या दिवशी तो माशांना आणि पाखरांना मिळतो, आपला नंबर नंतर. माणसाला स्वतंत्र दिवससुद्धा नाही. सहाव्या दिवशी गुरंढोरं, सरपटणारे जीव, वनपशू आणि त्याच दिवशी, उरलेल्या वेळात, आपण. आणि सत्ता दिल्यावर लगेच पुढच्या वचनात ताटात काय? बी देणारी वनस्पती आणि फळं. जनावरांनाही हिरवा पाला. मांस खाण्याची परवानगी थेट नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर येते. म्हणजे ही अशी सत्ता, जिच्यात राजाला प्रजेतलं कोणी मारून खायची मुभा नाही.

‘सत्ता चालवा’चा जो दुसरा शब्द आहे, ‘रादा’, तो यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात पुन्हा भेटतो. तिथे देव मेंढपाळांवर खवळलाय: दुबळ्याला बळ दिलं नाहीत, मोडलेल्याला बांधलं नाहीत, जबरदस्तीने सत्ता चालवलीत. हे मी एका फादरांकडून काल फोनवर घेतलं, माझं श्रेय नाही.

जलप्रलयानंतरचा करारही बघा. मला वाटायचं तो नोहाशी केलेला. तो नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी आहे. पाखरं, गुरं, रानटी जनावरं, सगळी पक्षकार. सातबाऱ्यावर इतकी नावं असती तर मोजपट्टीवाला फिरकलाच नसता.

---

शनवार_तेली

नमस्कार मंडळी. इस्राएलातल्या अश्दोदहून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे. माझं हिब्रू शाळेतलं आणि मराठी आईचं, चुका पोटात घाला.

दोन पंधरामधले शब्द आहेत ‘आवद’ आणि ‘शामर’. ‘आवद’ म्हणजे जमीन कसणे, पण सेवा करणे, चाकरी करणे हाही त्याचाच अर्थ. ‘शामर’ म्हणजे राखणे, सांभाळणे. आजही आमच्याकडे इमारतीच्या पहारेकऱ्याला ‘शोमेर’ म्हणतात. हीच जोडी गणनेच्या पुस्तकात लेव्यांच्या, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या कुळाच्या, कामासाठी येते, निवासमंडपाची सेवा आणि राखण. म्हणजे बागेतला माणूस नुसता माळी नाही, मंदिरातला सेवेकरीही आहे असं आमचे जुने लोक वाचतात. ‘आदाम’ हे नाव ‘अदामा’वरून, अदामा म्हणजे माती. मराठीत ‘मातीचा’ म्हटलं की झालं.

पण मला सांगायचंय ते माझ्या नावाबद्दल. (आयडीबद्दल.) कोकणात आमच्या पूर्वजांचा धंदा तेल गाळायचा. गावोगाव तेली होतेच, पण आमचे लोक शनिवारी घाणा जुंपत नसत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्या वेळी त्यांच्याजवळ ना धड हिब्रू उरलं होतं ना तोराची (आमच्या धर्मग्रंथाची) पोथी. विसरले नाहीत ते मोजकंच: शमा ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवार.

आता घाण्याचं काम कोण करतं? तेली नव्हे, बैल. डोळ्यांना झापडं लावून दिवसभर गोल. शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा वाचा, निर्गम तेवीस, बारा. सहा दिवस काम करा आणि सातव्या दिवशी थांबा, कशासाठी? तुमच्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून! तिथे बैलाचं नाव आधी आहे, दासीचा मुलगा आणि परका त्याच्या मागून येतात. माझे पणजोबा हे वाचू शकत नव्हते. पण शुक्रवारी सूर्य बुडताना बैलाची झापडं सोडायचे, ती परत शनिवारी चांदण्या दिसल्यावर. आजीच्या तोंडून ऐकलंय की त्या दिवशी बैल गोठ्यातून बाहेर यायला तयार नसायचा, त्याला वार कळायचा.

जमिनीचंही तसंच. दर सातव्या वर्षी ‘शमिता’, शेत पडीक ठेवायचं. जे आपोआप उगवेल ते गरिबांना, आणि त्यांनी सोडलेलं रानातल्या जनावरांना. इस्राएलात हे अजून चालतं, मागचं शमिता वर्ष २०२१-२२ चं. आणि खवटआजोबा, तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो, पळवाटही चालते. १८८९ पासून काही रब्बी अशी सोय देतात की वर्षभरासाठी जमीन कागदोपत्री बिगर-यहुद्याला विकायची, म्हणजे नांगर थांबत नाही. बरेच शेतकरी तेच करतात. ज्यांना ते पटत नाही ते खरंच जमीन पडू देतात.

---

खवट_आजोबा

@शनवार_तेली, पळवाट आपणहून सांगणारा पहिला धार्मिक माणूस भेटला. घाण्याचा बैल लक्षात राहील.

---

काळीपांढरी

रामराम. परभणीकडचा शेतकरी, घरात माळ आहे. बायबल वाचलेलं नाही, पण ‘राखण’ शब्दावर अडलो म्हणून लिहितो.

राखण म्हणजे काय ते ज्याने जोंधळा राखलाय त्यालाच कळतं. दाणा हुरड्यात आला की पहाटे माळ्यावर चढायचं. हातात गोफण, कमरेला खड्यांची पिशवी. दिवसभर हा-हू करायचं. मी दहा-बारा वर्षांचा असताना वडील सांगायचे, गोफण पाखरावर मारायची नाही, पाखराच्या पलीकडं मारायची. थवा उठला पाहिजे, पाखरू पडलं नाही पाहिजे. बांधाकडच्या दोन ताटांवरनं तर उठवायचंच नाही, ती त्यांचीच. राखणीत हाकलणंही येतं आणि ठेवणंही येतं. नुसती सत्ता असती तर जाळं लावून मोकळे झालो असतो.

शनवार तेली दादा, बैलाचं वाचून डोळ्यात पाणी आलं. बायबलात मळणीच्या बैलाचं काही आहे का? लहानपणी खळ्यावर पात धरायचो. मधोमध मेढ, भोवती चार बैल, पायाखाली कणसं. त्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचं की नाही यावरून आमच्या घरात आजा आणि चुलत आजा यांचं भांडण ठरलेलं. चुलत आजा म्हणायचा पायलीभर खातो. आजा म्हणायचा, नांगर त्यानं ओढला, पेरणी त्यानं केली, अन् आता तोंड बांधता?

बाकी तुकोबांनी ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ म्हटलंय ते सगळ्यांना पाठ आहे, लग्नपत्रिकेवरही छापतात. मला बाराव्या अध्यायातली माउलींची ओवी जास्त जवळची:

जो खांडावया घावो घाली ।
कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली ।
वृक्षु दे जैसा ॥

तोडणाऱ्याला अन् लावणाऱ्याला एकच सावली. भक्त कसा असावा ते सांगताना माउलींना झाड आठवलं. म्हणजे झाड आपल्या खाली नाही, चार पायऱ्या वर बसलंय.

---

शनवार_तेली

@काळीपांढरी, तुमचे आजोबा आणि मोशे एकाच मताचे! बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, पंचवीस, चार. मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधू नये. एका ओळीची आज्ञा, कारण दिलेलं नाही, आगेमागे बैलाचा विषयही नाही. माणसांच्या कोर्टकचेरीच्या नियमांमध्ये मध्येच बैल येऊन उभा राहतो.

जवळपास अजून दोन सापडतील. घरट्यात पक्षीण पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली तर पक्षिणीला धरू नको, तिला जाऊ दे (बावीस, सहा). आणि शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नको (वीस, एकोणीस). तिथे प्रश्न विचारलाय, रानातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, की त्याला वेढा घालावा?

---

आर्यपुत्र_७

इतकं लांब कशाला जायचं? अथर्ववेदातलं भूमिसूक्त वाचा, त्रेसष्ट ऋचा. ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’. आपल्याकडे पृथ्वी आई आहे, जिंकायची वस्तू नाही. हे परकीय लोक आता शिकतायत, आपण हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

---

खवट_आजोबा

@आर्यपुत्र_७, भूमिसूक्त सुंदर आहे, त्यात वाद नाही. ‘हे भूमी, तुझं जे मी खणून काढीन ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर माझा घाव न पडो’ अशी ऋचा आहे त्यात. ती वाळू उपशाच्या परवान्यावर छापली पाहिजे.

पण महाभारताचं आदिपर्वही आपलंच ना? खांडववन. अग्नीची भूक भागवायला कृष्ण आणि अर्जुन अख्खं रान पेटवतात, आणि जीव घेऊन पळणारं जनावर दिसेल त्याला टिपतात. मोजून सहा जीव वाचले: अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिलं. त्याच मयाने मग सभा बांधली. रान जाळायचं आणि वाचलेल्याकडून इमारत बांधून घ्यायची, ही योजना आजही चालू आहे.

आईच म्हणायचं तर गंगेलाही आई म्हणतो. पुढचं लिहीत नाही.

---

संपादक मंडळ

यानंतरचे चार प्रतिसाद विषयाला सोडून असल्यामुळे काढले आहेत. धर्मांची तुलना करताना व्यक्तिगत टीका टाळावी.

---

बायगो

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे उलटा आसा! राखण मराठी बायबलात माणूस करता, आमच्याकडे देव करता. राखणदार. गावाच्या शिवेवर, पाणवठ्यावर, देवराईत, प्रत्येक ठिकाणचो वेगळो. वर्षाक एकदा त्याका राखण देवची लागता. देवराईतलो वाळको काटको उचलूक पण विचारूक व्हयो.

(प्रमाण मराठीत:) मला हा फरक फार मोठा वाटतो. आमच्या गावच्या देवराईत सुरंगी, हरडा टिकले ते माणूस शहाणा म्हणून नाही, राखणदाराच्या धाकाने. धाक गेला त्या गावांत चिऱ्याच्या खाणी आल्या. बायबलात देव माणसावर राखण सोपवून मोकळा होतो. मग माणसाला धाक कोणाचा?

---

बावखल

@बायगो, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. देव मोकळा होत नाही असं शास्त्र म्हणतं, निदान जमिनीच्या बाबतीत. लेवीय पंचविसाव्यात तो बजावतो की जमीन कायमची विकू नका, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. म्हणजे आपण सगळे कूळ! माझ्या आजोबांना कूळकायद्यात वाडी मिळाली, ‘कसेल त्याची जमीन’. शास्त्र त्याहून पुढे जाऊन म्हणतं की कसेल त्याचीही नाही.

आणि धाक म्हणाल तर पुढच्याच अध्यायात आहे. जमिनीला तिचे शब्बाथ दिले नाहीत, तर तुम्हाला देशातून काढीन आणि मग ती ओस पडून आपला विसावा भोगील. इतिहासाचं दुसरं पुस्तक संपता संपता तसं झाल्याचं सांगतं. लोक बाबेलला बंदिवासात गेले आणि सत्तर वर्षं जमिनीने थकलेले शब्बाथ वसूल केले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. जमीन हिशेब ठेवते, आणि माणूस नसला तर तिचं काही अडत नाही.

---

दाभोळ_खाडी

सलाम, नमस्कार. धागा सुरुवातीपासून वाचतेय, बायगोच्या प्रश्नावर लिहावंसं वाटलं. मी कोकणी मुसलमान, दापोली तालुक्यातली, शिक्षिका होते.

कुरआनात तेहेतिसाव्या सूरहमध्ये एक आयत आहे. अल्लाहने अमानत आधी आकाशांना, जमिनीला आणि डोंगरांना देऊ केली. ते घाबरले, त्यांनी नको म्हटलं. माणसाने ती उचलली. आणि लगेच पुढे शेरा आहे: माणूस मोठा जुलमी आणि अडाणी. वर्गात शिकवताना मी पोरांना सांगायची, हात वर करणारा सगळ्यात हुशार असतोच असं नाही, कधी कधी त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

ही ‘अमानत’ आणि आपल्या मराठीतली ‘अनामत’ एकच आहे बरं का. अरबीतून आपल्याकडे येताना अक्षरांची अदलाबदल झाली. अनामत रक्कम आपली नसते, मागितली की होती तशी परत करावी लागते. माणसाला ‘खलीफा’ म्हटलंय तेही याच अर्थाने, मालक नव्हे, मालकाच्या जागी ठेवलेला. आणि सहाव्या सूरहमध्ये म्हटलंय की जमिनीवर चालणारा कोणताही प्राणी, पंखांनी उडणारं कोणतंही पाखरू, हे सगळे तुमच्यासारखेच समाज आहेत, ‘उम्मत’. मुंग्यांची उम्मत, कावळ्यांची उम्मत.

आमच्या अब्बांची एक आवडती हदीस (पैगंबरांचं वचन) होती. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असलं, तर ते लावून टाका. अब्बा दर पावसाळ्यात ती म्हणायचे आणि आम्हाला खड्डे खणायला लावायचे. शाळेला सुट्टी असली की आम्ही लपून बसायचो.

---

पोफळीवाली

दाभोळ ताई, _/\_

---

खवट_आजोबा

धागा भलताच सात्त्विक झालाय, तेव्हा मला जे खरंच आवडतं ते सांगतो. श्रद्धा नाही, तरी ईयोबाचं पुस्तक मी दोन-तीन वर्षांतून एकदा वाचतो.

बिचारा ईयोब, पोरंबाळं गेली, गुरं गेली, अंगभर फोडं, आणि देवाला विचारतोय, का? पस्तीस अध्याय वादावादी. शेवटी देव वावटळीतून बोलतो तो काय बोलतो? सांत्वन नाही, कारण नाही. चार अध्याय निसर्गवर्णन! रानबकरी कधी विते तुला माहीत आहे का? रानगाढवाला कोणी मोकळं सोडलं? शहामृगी वाळूत अंडी टाकून जाते, कोणाचा पाय पडेल याची तिला फिकीर नाही, मी तिला अक्कलच दिली नाही, पण पळायला लागली तर घोड्याला हसते. आणि अडतिसाव्या अध्यायात, जिथे माणूस राहत नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो?

हा शेवटचा प्रश्न मला ग्रंथातला सगळ्यात मोठा वाटतो. त्या पावसाचा कोणाला उपयोग नाही. शेत नाही, धरण नाही, टँकर नाही. गवत उगवावं म्हणून पाऊस. बावखलसाहेब, तुमच्या ‘सत्ता की राखण’ या दोन्हींत माणूस मध्यभागी आहेच. राजा काय, राखणदार काय, रुबाब तोच. ईयोबात माणूस मध्यभागी नाही, काठावर उभा आहे आणि बघतोय. लिन व्हाइटला उत्तर असेल तर ते इथे आहे, तुमच्या दोन पंधरात नाही.

---

बावखल

@खवट_आजोबा, श्रद्धा नसलेल्या माणसाकडून प्रवचन ऐकायची ही पहिलीच वेळ. मानलं.

त्याच जातकुळीचं १०४ वं स्तोत्र बघा, तुम्हाला आवडेल. त्यात दिवसाच्या पाळ्या लावलेल्या आहेत. अंधार पडला की सिंह डरकाळ्या फोडत देवाकडे अन्न मागायला निघतात. सूर्य उगवला की ते गुहेत परततात, आणि मग माणूस आपल्या कामाला बाहेर पडतो, संध्याकाळपर्यंत. सिंहाची रात्रपाळी, आपली दिवसपाळी, मालक एक. बोरिवलीचे बिबटे हे वेळापत्रक अजून पाळतात, आपणच रात्री दोनला मॉर्निंग वॉकला निघाल्यासारखे फिरतो.

तरी मी राखणीवरच राहीन. काठावर उभं राहून बघणं मोठ्या मनाच्या माणसाला जमतं. मला वाडी आहे, मला उठून पाट वळवावा लागतो. आणि काळीपांढरी भाऊंनी सांगितलेली गोफण, पाखराच्या पलीकडे मारायची ती, तिच्यात रुबाब नाही.

---

काळीपांढरी

बावखल दादा, भाच्याचं काय झालं ते सांगितलंच नाही.

---

बावखल

भाच्याला धाग्याची लिंक पाठवली होती. दोन दिवस उत्तर नाही. मग आला. वाद घातला नाही, म्हणाला, “मामा, राखण राखण करता, पण उन्हाळ्यात आपल्याच विहिरीतून टँकर भरून देता ना? रोजचे तीन?”

खरं आहे. देतो. हे मी वर लिहिलं नव्हतं. इमारतींना पाणी नाही, लोक रडकुंडीला येतात, आणि पैसेही मिळतात. दोन्ही कारणं आहेत, कुठलं पहिलं ते मला विचारू नका.

बावखलाचा विषय पावसाळ्यानंतर काढायचा असं ठरलंय. मोजपट्टीवाल्याला तसं कळवलं. टँकरवाल्याला मात्र सांगितलं की रविवारी पंप लागणार नाही. त्याने विचारलं, काय बिघडलंय का? म्हटलं, नाही, सुट्टी आहे. कोणाला? विहिरीला. तो बराच वेळ फोनवर काही बोलला नाही, मग म्हणाला, बरं, सोमवारी लवकर येतो.

शनिवारी संध्याकाळी आतली सातवी पायरी पाण्याबाहेर होती. आज पहाटे, तो यायच्या आधी, बॅटरी घेऊन बघून आलो. पाचवीपर्यंत पाणी आहे.

---

शनवार_तेली

शब्बात शालोम, विहिरीला. वार चुकलाय तुमचा, पण चालेल.